गिरणीची हवा, गिरणीची आग

लालबाग-परळकडच्या जुन्या कापड गिरण्यांचे जे थोडे इमले अजून तग धरून आहेत, त्यांपैकी काहींच्या जिन्याच्या मनोऱ्यावर पाण्याची एक अवजड टाकी दिसते. लहानपणी मला ती कामगारांच्या पिण्याच्या पाण्याची वाटे. पुढे या विषयाच्या नादी लागल्यावर कळले, की ते पाणी आगीसाठी राखून ठेवलेले असे, आणि ज्या गिरणीत माणसे दिवसाचे बारा-बारा तास कापसाचे तंतू श्वासाबरोबर आत घेत होती, त्या गिरणीत हवा आणि आग यांचा विचार कोणी, केव्हा आणि कोणाकरिता केला, याचा माग त्या टाकीपासून काढीत जाता येतो.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली आणि 1856 मध्ये ताडदेव येथे ती गिरणी सुरू झाली, तेव्हा इंग्लंडातील गिरणीमालकांच्या गाठीशी आगीचा दोन पिढ्यांचा कडू अनुभव होता. लाकडी तुळया, तेल मुरलेली फळ्यांची जमीन, उघडे दिवे आणि त्यांच्याभोवती तरंगणारा कापूस, असा सगळा सरंजाम एका छपराखाली असल्यावर इमारत जळून जाण्यास ठिणगी पुरे होई. आणि म्हणूनच श्रूसबरी येथे 1797 मध्ये चार्ल्स बेज याने अळशीच्या धाग्याच्या गिरणीसाठी बिडाचे खांब, बिडाच्या तुळया व त्यांवर विटांच्या कमानी अशी लोखंडी सांगाड्याची इमारत उभारली, जी या जातीची जगातील पहिली मानली जाते. मुंबईच्या गिरण्यांतून बिडाच्या खांबांच्या ज्या रांगा पाहावयास मिळतात, त्यांचा कूळवृत्तान्त तेथवर पोहोचतो.

परंतु सांगाडा जळेनासा झाला म्हणून आतला माल जळावयाचा राहत नाही, आणि गिरणीतील सर्वांत धोक्याचे ठिकाण म्हणजे गासड्या फोडून कापूस मोकळा करण्याचे खाते, ज्याला कामगार ब्लो रूम म्हणत. तेथे दाबून घट्ट झालेला कापूस वेगाने फिरणाऱ्या पात्यांखाली झोडपला जाई. पंख्याच्या ओढीने मोकळे तंतू जाळीच्या पिंपांवर बसत आणि त्यांची गादीसारखी गुंडाळी तयार होई. जाळीतून पार गेलेली धुळीची हवा जमिनीखालच्या नळातून एका प्रशस्त तळघरात सोडली जाई, जेथे जागा रुंदावल्याने तिचा वेग मंदावे, धूळ खाली बसे व उरलेली हवा उंच धुराड्यासारख्या मनोऱ्यातून बाहेर पडे. युक्ती मोठी सुबक होती. मात्र कापसात एखादा खिळा, गासडीच्या पट्टीचा तुकडा किंवा खडा आला, म्हणजे पात्यावर ठिणगी उडे, आणि मग जी वाट हवेसाठी बांधली होती तीच वाट आगीला मिळे: पंखाच ती ठिणगी जाळीवर, नळात आणि तळघरातील धुळीच्या ढिगावर नेऊन पोहोचवी. ब्लो रूम जाड भिंतीने व लोखंडी दाराने इतर खात्यांपासून तोडून ठेवीत, त्याचे कारण हे. आणि आग दिसताच प्रथम पंखा बंद करावयाचा, पाणी नंतर, हा तेथील पहिला धडा असे.

कापसाची आग मोठी कपटी. ती ज्वाळेने न पसरता गासडीच्या पोटात धुमसत राहते. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजाच्या ज्या कोठारात कापसाच्या गासड्या आणि स्फोटके एकत्र भरली होती, तेथे दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. चार वाजून गेले तरी पाण्याचा मारा आगीच्या मुळाशी पोहोचू शकला नाही, आणि झालेल्या स्फोटांत बंबाच्या 66 जवानांनी आपले प्राण वेचले. देशभर 14 एप्रिल हा अग्निशमन सेवेचा दिवस पाळला जातो तो त्यांच्यासाठी.

मनोऱ्यावरच्या टाकीचा उगम अमेरिकेत आहे. हेन्री पार्मली याने 1874 मध्ये आपल्या पियानोच्या कारखान्यासाठी छतावरून आपोआप पाणी शिंपडणारी तोटी सिद्ध केली व फ्रेडरिक ग्रिनेल याने पुढील दशकात तिला पक्के रूप दिले. मनोऱ्यावरच्या टाकीला जोडलेले छताखालून नळांचे जाळे, नळाला ठराविक अंतरावर तोट्या, आणि प्रत्येक तोटीचे तोंड सुमारे 68 अंशांवर वितळणाऱ्या डाखाने बंद केलेले: आग कोठे लागली हे माणसाला कळण्यापूर्वी तो डाख वितळे, नेमक्या त्याच जागी पाणी सुटे आणि पाण्याच्याच जोराने घंटा वाजू लागे. इतका खर्च मालकांनी स्वखुशीने केला असता असे मला वाटत नाही; तोट्या बसविलेल्या गिरणीला विमा कंपन्या हप्त्यात सवलत देत, आणि ही गोष्ट जमाखर्चाच्या वहीत चटकन दिसे.

हवेचा हिशेब मात्र निराळा. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून विणाईच्या खात्यात खिडक्या लावून वाफ किंवा पाण्याचे तुषार सोडीत, आणि मुंबईच्या उन्हाळ्यात त्या ओलसर काहिलीत माणूस साच्यापुढे उभा राही. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्दच मुळी सूतगिरणीतला. स्टुअर्ट क्रेमर या अमेरिकन अभियंत्याने तो 1906 मध्ये प्रथम योजिला, आणि त्याच्या मनात सुताची प्रकृती होती. सुताची प्रकृती आधी, आगीची धास्ती नंतर आणि माणसाची छाती सर्वांत शेवटी, या क्रमाचा मला आजही विषाद वाटतो.

1881 च्या फॅक्टरी कायद्याने मुलांचे तास व यंत्रांची कुंपणे यांचा बंदोबस्त केला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारदरबारी रुजू केला, त्यात रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि जखमी कामगाराची तजवीज मागितली होती. हवेचे कलम त्यात नव्हते, आणि ते स्वाभाविकच होते, कारण आठवड्यातून एक दिवस बाहेर पडावयास मिळणे हीच त्या काळी हवा होती. स्वातंत्र्यानंतर 1948 च्या फॅक्टरी कायद्याने या सर्व गोष्टी शेजारी-शेजारी मांडल्या: अपायकारक धूळ उठते त्या जागेच्या शक्य तितक्या जवळ ती ओढून घ्यावी, आर्द्रतेसाठी वापरावयाचे पाणी स्वच्छ असावे, आणि आत माणूस असताना बाहेर पडण्याचे दार आतून सहज उघडेल असे असावे व ते बाहेरच्या बाजूला उघडावे.

कापसाच्या धुळीने जडणाऱ्या दम्याला 1877 मध्ये आद्रियाँ प्रूस्त या फ्रेंच वैद्याने ‘बिसिनोसिस’ हे नाव दिले. या व्याधीची खूण चमत्कारिक आहे: रविवारची सुट्टी संपवून सोमवारी पाळीवर गेलेल्या माणसाची छाती आवळून येते आणि आठवडा सरत जाईल तसतशी मोकळी होते, वर्षे लोटली, म्हणजे या व्याधीला सोमवारही लागत नाही. धुळीच्या कामावरील माणसांना गुळाचा खडा देण्याची जुनी वहिवाट आहे. गुळाने घसा धुऊन निघतो अशी श्रद्धा. फुप्फुसांपर्यंत तो कसा पोहोचणार?

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले आणि त्या आवारांत कचेऱ्या, दुकाने, उपाहारगृहे आली. 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर कमला मिल्सच्या आवारात गच्चीवरील आगीत 14 माणसे गेली, बहुतेक धुराने गुदमरून. त्या आवारांतील ज्या ज्या जागी आज भटारखाना आहे, तेथे चुलीवरील छत्रीतून धूर ओढून नेणारे पत्र्याचे नळ असतात, आणि फोडणीच्या वाफेबरोबर गेलेले तेल त्या नळांच्या आतल्या अंगाला थरावर थर बसत जाते, जसे ब्लो रूमच्या नळात तंतू बसत. गिरणीत धुळीचे तळघर साफ करावयाचे असले, की पंखा थांबवून, उघडा दिवा बाहेर ठेवून माणूस दारातून आत उतरे. अशा एखाद्या उपाहारगृहात जाण्याचा प्रसंग आला, म्हणजे माझी नजर आपोआप छताकडे जाते आणि मी त्या नळाला साफसफाईसाठी हात घालण्यापुरते तरी दार ठेवले आहे काय, हे शोधू लागतो.