शाकारणी व हंगामपूर्व डागडुजी

शाकारणी व हंगामपूर्व डागडुजी (प्रभादेवी–वरळी–माहीम किनारा) : पावसाळ्याच्या तोंडावर मासेमारीच्या होड्या पाण्याबाहेर ओढून, उंच जागी टेकूंवर बसवून झाकून ठेवण्याच्या कामाला कोकण किनाऱ्यावर शाकारणी म्हणतात, आणि पावसाचा जोर ओसरू लागल्यावर त्याच होड्या पुन्हा समुद्रात लोटण्याजोग्या व्हाव्यात म्हणून लाकूड, फायबर, यंत्र, जाळी आणि होडी वाहून नेणारा गाडा यांची जी दुरुस्ती होते ती हंगामपूर्व डागडुजी होय. ही दोन कामे वेगवेगळ्या महिन्यांत होत असली तरी त्यांचा विचार एकत्रच करावा लागतो, कारण ऑगस्टमध्ये होडी कशी चालेल हे बहुतांशी मे महिन्यात ती कशी काढली, धुतली आणि ठेवली यावर ठरते, आणि जुलैअखेरची घाई मे महिन्यातला आळस भरून काढू शकत नाही.

प्रभादेवीचा किनारा माहीमच्या उपसागरावर आहे. दक्षिणेला वरळीचा किल्ला व कोळीवाडा, उत्तरेला माहीमचा कोळीवाडा आणि पलीकडे वांद्र्याचे टोक अशी या उपसागराची चौकट असून त्याच्या तोंडावरून २००९ साली खुला झालेला वांद्रे–वरळी सागरी सेतू जातो. कीर्ती महाविद्यालयामागच्या वाळूवरून दिसणाऱ्या होड्या मुख्यतः या दोन कोळीवाड्यांच्या असतात. साधारणतः त्या लहान असतात व किनाऱ्याजवळ मासेमारी करतात. ससून डॉक किंवा भाऊचा धक्का येथील मोठ्या यांत्रिक नौकांप्रमाणे अनेक दिवसांची सफर त्या करीत नाहीत. त्यामुळे त्यांची डागडुजीही मोठ्या गोदीत न होता घरापासून हाकेच्या अंतरावर, वाळूवर किंवा बंदराच्या उतारावर, नाखवा म्हणजे होडीचा मालक, त्याचे खलाशी आणि घरची माणसे यांच्या हातून होते; सुतार आणि यंत्राचा मिस्त्री तेवढे बाहेरून बोलावले जातात.

हंगामाचे वेळापत्रक निसर्ग आणि कायदा या दोघांनी मिळून आखलेले आहे. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये राज्याच्या सागरी हद्दीत, आणि केंद्र शासनाच्या आदेशान्वये त्यापलीकडच्या क्षेत्रात, पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. बिगर-यांत्रिक पारंपरिक होड्यांना या बंदीतून सूट आहे. हा काळ अनेक जातींच्या माशांच्या प्रजननाचा, आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे समुद्र खवळलेला असण्याचाही आहे. बंदी कायद्याने १ ऑगस्टला उठत असली तरी कोळी समाजात हंगामाचा खरा आरंभ नारळी पौर्णिमेला, म्हणजे श्रावणी पौर्णिमेला, सागराला नारळ अर्पण करून होतो. या तिथीला एक व्यावहारिक बाजूही आहे. पौर्णिमा आणि अमावास्या यांच्या आसपास उधाणाची, म्हणजे सर्वांत मोठ्या चढउताराची भरती येते व पाणी किनाऱ्यावर नेहमीपेक्षा बरेच वर चढते; मुंबईला अशा भरतीत पाण्याची पातळी साडेचार मीटरच्या पुढेही जाते. अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या भांगाच्या भरतीत हा चढ कितीतरी कमी असतो. म्हणून होडी वर काढायची असो किंवा खाली लोटायची असो, जाणता तांडेल, म्हणजे होडी चालवणारा प्रमुख, उधाणाचाच दिवस धरतो, जेणेकरून निम्मे अंतर पाणीच होडी वाहून नेते आणि उरलेलेच माणसांना ओढावे लागते.

होडी वर काढण्याची जुनी रीत अशी की तिच्या तळाखाली गोल ओंडके आडवे टाकायचे, दोन्ही बाजूंनी माणसांनी खांदा लावून एका तालात रेटायचे आणि मागे मोकळा झालेला ओंडका उचलून पुन्हा पुढे ठेवायचा. मोठ्या होड्यांना आता क्रेन लागते. लहान फायबर होड्या व शिडाच्या क्रीडानौका यांच्यासाठी लोखंडी गाडा वापरता येतो. कुलाब्याच्या बाजूला शिडाच्या लहान नौका अशाच चाकांच्या ट्रॉलीवरून पाण्यात सोडल्या जातात. मुंबईत हौशी नौकानयनाचा हंगामही पावसाळा सरल्यावर सुरू होत असल्याने त्यांच्या गाड्यांनाही हीच निगा लागू पडते.

या गाड्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते आणि ऐनवेळी सर्वांत जास्त खोळंबा त्यानेच होतो, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करणे आवश्यक आहे. गाड्याचा कमकुवत भाग म्हणजे चाकाचा तुंबा. त्यात बेअरिंग, त्यांना वंगण देणारे ग्रीस आणि पाणी अडवणारी रबरी सील असते. गाडा रस्त्याने ओढत आणला तर फिरण्याने तुंबा व त्यातील हवा तापते. तो तसाच समुद्रात बुडवला की हवा एकदम थंड होऊन आकुंचन पावते, आत दाब कमी होतो आणि झिजलेल्या सीलमधून खारे पाणी आत खेचले जाते. पाणी शिरलेले ग्रीस दुधाळ होते, बेअरिंगच्या गुळगुळीत पृष्ठभागावर गंजाचे बारीक खड्डे पडतात, आणि पुढच्या फेरीत चाक घरघरत, तापत शेवटी जाम होते. यावर उपाय सोपा आहे : पाण्यात नेण्याआधी तुंबा हाताला गार लागेपर्यंत थांबावे, बाहेर काढल्यावर गाडा लगेच गोड्या पाण्याने धुवावा, आणि हंगामापूर्वी प्रत्येक चाक उचलून ते हाताने फिरवून पाहावे. चाक वर व खाली धरून हलवले असता खडखड जाणवली तर बेअरिंग सैल किंवा झिजलेले असते. फिरवताना खरखर ऐकू आली तर त्यावर नुसते नवे ग्रीस चोपडून भागत नाही, बेअरिंग व सील दोन्ही बदलावी लागतात. जुने ग्रीस रॉकेलने पूर्ण धुऊन, बेअरिंग कोरडे करून, पाण्याला टिकणारे नवे ग्रीस तळहातावर घेऊन ते गोळ्यांच्या मधल्या फटींत दाबून भरणे हीच खात्रीची पद्धत आहे. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी सांगाडा साध्या रंगवलेल्या लोखंडापेक्षा कितीतरी अधिक टिकतो, परंतु सांधजोड किंवा भोक पाडण्याने मुलामा जिथे निघाला तिथून गंज सुरू होतो. पोकळ नळ्यांच्या आतून तर तो बाहेर दिसण्याआधीच धातू खातो, म्हणून नळीवर हातोडीने ठोकून आवाज ऐकावा. क्वचित वापरल्या जाणाऱ्या गाड्याचे टायर झिजण्याआधी उन्हाने तडकतात. एकाच जागी महिनोन्‌महिने भार सोसल्याने ते बेढबही होतात, त्यामुळे पावसाळ्यात गाडा ठोकळ्यांवर उचलून चाके अधांतरी ठेवणे श्रेयस्कर ठरते. होडी जिथे गाड्यावर टेकते त्या लाकडी पट्ट्या कुजल्या असतील, तर होडीचा सारा भार खिळ्यांच्या किंवा बोल्टांच्या टोकांवर येऊन तळाला चीर जाऊ शकते.

किनाऱ्यावर ठेवताना होडी किंचित कलती ठेवतात व तळाचे बूच काढतात, म्हणजे आत पडलेले पाणी निघून जाते. पूर्वी आच्छादनाला माडाच्या झावळ्या असत, आता ताडपत्री किंवा निळे प्लॅस्टिक असते. झावळ्यांखाली वारा खेळत असे; प्लॅस्टिक घट्ट बांधले तर आत वाफ कोंडते, म्हणून दोन्ही टोकांना मोकळी जागा सोडणे गरजेचे असते. लाकडी होडीच्या बाबतीत या गोष्टीला फार महत्त्व आहे, कारण लाकूड कुजवणारी बुरशी खाऱ्या पाण्यापेक्षा साचलेल्या गोड्या पाण्यात अधिक फोफावते आणि अनेक होड्यांचा नाश समुद्राने नव्हे तर आत तुंबलेल्या पावसाने होतो. उलटपक्षी शाकारणीचा एक मोठा लाभही आहे : तळाच्या फळ्या आतून पोखरणारा टेरेडो हा जलकृमी पाण्याविना जगू शकत नाही, त्यामुळे होडी काही आठवडे कोरडी राहिली की त्याचा उपद्रव थांबतो. तळावर चिकटलेले बार्नेकल, म्हणजे कवचधारी जीव, मात्र होडी बाहेर काढल्या काढल्या, ओले असतानाच खरवडावे लागतात. वाळल्यावर ते सिमेंटासारखे घट्ट बसतात.

लाकडी होडीच्या डागडुजीतील कौशल्याचे काम म्हणजे फळ्यांचे सांधे बुजवणे. उन्हाने फळ्या आक्रसून सांधे उघडतात. सुतार जुना, कुजका कापूस आकडीने ओढून काढतो, सांधा साफ करतो, नव्या कापसाचा पीळ बोथट छिन्नीने आत ठोकतो व वरून राळ आणि तेल यांचे मिश्रण भरतो. यात हाताचा अंदाज निर्णायक असतो : कापूस कमी ठोकला तर गळती राहते, आणि फार ठोकला तर पाण्यात गेल्यावर फुगणाऱ्या फळ्यांना जागाच न उरल्याने खिळे ओढले जातात. सागाच्या फळ्यांना पूर्वी बाहेरून माशांचे, विशेषतः मुशीच्या यकृताचे, तेल किंवा काजूच्या टरफलांचे तेल देत, आणि पाण्याखालच्या भागाला चुना व चरबी यांचा लेप देत. आता त्याऐवजी तांब्याचे संयुग असलेला रंग लावतात, ज्यातून तांबे हळूहळू पाण्यात सुटत राहिल्याने जीव चिकटत नाहीत. ही विद्या लिहून ठेवलेली नाही, ती हातातून हातात आलेली आहे, आणि लाकडी होड्यांची जागा फायबर घेत असताना ती नोंदवून ठेवण्याचे काम अजून मनावर घेतले गेलेले नाही, ही मोठीच उणीव होय.

फायबरची होडी कुजत नाही, पण ती निष्काळजीपणा खपवून घेते असे नाही. वरच्या गुळगुळीत थराला तडा गेला की पाणी काचतंतूंच्या थरांत शिरते व तळाला फोड येतात. दुरुस्तीसाठी तो भाग घासून उघडा करावा लागतो, पूर्ण वाळू द्यावा लागतो, आणि मग काचतंतूंची चटई व राळेसारखे रेझिन यांचे थर चढवावे लागतात. मुंबईच्या जून–जुलैच्या दमट हवेत यांपैकी काहीच नीट साधत नाही : ओल्या थरावर रेझिन पकड घेत नाही आणि रंग सुकत नाही. म्हणून तळाची मोठी दुरुस्ती मे महिन्यातच उरकून घेणे आणि पाण्याखालचा रंग तेवढा जुलैअखेरच्या उघडिपीसाठी राखून ठेवणे हा क्रम योग्य ठरतो. अशा रंगांपैकी पुष्कळांचा गुण होडी दीर्घकाळ कोरडी राहिल्यास कमी होत असल्यानेही तो आधी लावण्यात अर्थ नसतो.

यंत्राच्या बाबतीत थोडक्यात सांगायचे तर खारे पाणी आत राहू देऊ नये हे सूत्र पुरेसे आहे. बाहेरचे इंजिन गोड्या पाण्यावर चालवून धुवावे, गिअरचे तेल काढून पाहावे, ते दुधाळ निघाल्यास सील बदलावी. डिझेलची टाकी भरलेली ठेवावी, कारण रिकाम्या टाकीत हवेतील बाष्प साचून पाणी होते. जाळ्यांचे काम मात्र पूर्ण पावसाळाभर चालते. सूत आणि तागाची जाळी होती तेव्हा ती ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून टिकाऊ केली जात. नायलॉन आल्यावर काढा गेला, पण फाटलेली घरे पुन्हा विणण्याचे, बोये आणि शिशाच्या गोळ्या तपासण्याचे काम उरलेच.

या सगळ्यासाठी लागणारी पहिली वस्तू म्हणजे मोकळा किनारा, आणि प्रभादेवी–वरळीच्या पट्ट्यात तीच दुर्मीळ होत चालली आहे. २०११च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांची स्वतंत्र दखल घेतली. तरीही होडी शाकारण्याची, जाळी पसरण्याची आणि गाडा वळवण्याची जागा नकाशावर सहसा मोकळी, म्हणून वापराविना पडलेली, समजली जाते, आणि हा समज चुकीचा आहे. क्लीव्हलँड बंदराजवळ किनारी रस्त्याच्या पुलाच्या खांबांतील अंतराबाबत वरळीच्या मच्छीमारांनी दीर्घकाळ आग्रह धरल्यावर ते अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करण्याचा निर्णय २०२२च्या अखेरीस झाला. त्या प्रसंगी पाण्यातल्या वाटेविषयी जितकी चर्चा झाली तितकीच जमिनीवरच्या जागेविषयीही होणे रास्त होते.

होडी पाण्यात उतरवण्यापूर्वी बाजूवरचा नोंदणी क्रमांक स्पष्ट रंगवणे, परवाना व विमा यांची मुदत तपासणे, आणि खलाशांच्या संख्येइतकी जीवरक्षक जाकिटे, दिवे व अग्निशामक बाळगणे आवश्यक असते. उतरवल्यावर लाकडी होडीत पहिले दोन-तीन दिवस पाणी येणे स्वाभाविक आहे; फळ्या फुगून सांधे मिटेपर्यंत ते उपसत राहावे लागते, आणि त्यानंतरही गळती थांबली नाही तरच होडी पुन्हा वर घेतात. आत बसवलेल्या यंत्राचा दांडा जिथून तळाबाहेर जातो तेथील पॅकिंग इतकेच आवळावे की दांडा फिरत असताना मिनिटाला पाण्याचे काही थेंब पडत राहतील, कारण पूर्ण कोरडे आवळलेले पॅकिंग तापून दांडा झिजवते. पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर यंत्राच्या पायाचे आणि सुकाणूचे बोल्ट पुन्हा एकदा आवळून घेतात, कारण लाकूड फुगल्याने व कंपनाने ते या काळात सर्वाधिक सैल होतात.