लाखोळी : दुष्काळात तगलेले पीक, ताठरलेले पाय

बुलढाण्याच्या काळ्या कपाशीच्या रानातून पूर्वेकडे निघावे, तसतशी विदर्भाची जमीन बदलत जाते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत धानाच्या बांध्या लागतात. तेथे धान कापण्यापूर्वीच उभ्या पिकात लाखोळी फेकण्याची जुनी रीत आहे. नांगरट नाही, पाणी नाही. उरल्यासुरल्या ओलीवर डाळ हाती येते. या चिवटपणातच तिची शोकांतिका दडलेली आहे.

ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून विल्यम स्लीमन आपल्याला ठाऊक असतो. त्याच्या १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत सागर परिसराची एक हकीकत आहे. १८२९ साली गारपिटीने गहू गेला, १८३० साली अवर्षणाने, १८३१ साली रोगाने. गव्हाच्या त्याच शेतांत तिवडा, म्हणजे हीच लाखोळी, मात्र माजली. लोक तीवरच जगले. १८३३ पासून तिशीच्या आतली माणसे कमरेखाली अधू होऊ लागली.

हा विकार नवा नव्हता. सुश्रुतसंहितेत ‘कलायखञ्ज’ या नावाने लंगडत, कापत चालणाऱ्या रुग्णाचे वर्णन आहे. ‘लॅथिरिझम’ हे नाव १८७३ साली इटलीतील कान्तानी यांनी दिले.

दोषी रेणू १९६४ साली सापडला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अदिगा आणि शर्मा यांनी लाखोळीतून तो वेगळा केला. त्याचे नाव बीटा-ओडॅप. चेतापेशी एकमेकींना चेतवण्यासाठी ग्लुटामेट वापरतात आणि काम होताच ते आवरून घेतात. ओडॅप ग्लुटामेटचे सोंग घेऊन त्याच्याच ग्राहींवर बसते. पेशीला विसावा उरत नाही. आत कॅल्शियमचा लोंढा येतो, मायटोकाँड्रिया कोलमडतात आणि ऑक्सिडीकारक ताण वाढतो. हा ताण शमवणारे ग्लुटाथायोन घडवण्यास गंधकयुक्त अमिनो आम्ले लागतात, आणि नेमकी तीच या डाळीत तुटपुंजी असतात. पायांना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरतात. बुद्धी शाबूत राहते, पाय जन्माचे ताठरतात.

म्हणून मिश्र आहारातली वाटीभर लाखोळी सहसा बाधत नाही. महिनोन्‌महिने केवळ तिच्यावर जगणारा मात्र पंगू होतो. विष एकच, पण ते गरिबालाच निवडून गाठते. रेवा भागात तर शेतमजुरांना मजुरी म्हणून हेच धान्य मोजून दिले जाई.

१९६१ साली केंद्राने बंदी आणली, पण ती विक्रीवर. स्वतःच्या बांधीतले खाणाऱ्याला किंवा मजुरीत धान्य घेणाऱ्याला बाजाराशी काय घेणे? डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकले की ओडॅप बरेच उतरते. परंतु दुष्काळात पाणी आणि सरपण या दोन्हींचीच वानवा असते. पुढे संशोधकांनी ‘रतन’, ‘प्रतीक’ आणि ‘महातेवडा’ असे अल्प ओडॅपचे वाण काढले.