डॅशबोर्डावरचे काटे

गाड्यांचे मीटर दुरुस्त करणं हा काही माझा धंदा नव्हे. पोटासाठी मी दुसरंच काम करतो. पण डेट्रॉईटच्या आसपास पंधराएक वर्षं काढली की गाडी उघडून बघायची खोड लागतेच. ओळखीतल्या दोघा-तिघांचे मीटर नीट करून दिले आणि हळूहळू शनिवार त्यातच जायला लागले. आई फोनवर विचारते, "तिकडे मेकॅनिक मिळत नाहीत का रे?" मिळतात, पण ते अख्खा मीटरच बदलतात. आतला बिघडलेला तुकडा शोधत बसायला त्यांना वेळ नसतो. मला त्या शोधातच रस. शोधता शोधता या काट्यांचा इतिहासही हाती लागला, तो आज सांगतो.

सुरुवात वेगाच्या काट्यापासून. १८२४ साली फ्रान्समध्ये आरागोच्या लक्षात आलं, की तांब्याची चकती फिरवली की तिच्यावर टांगलेली चुंबकसुई तिच्यामागे ओढली जाते. तांबं तर चुंबकाला चिकटत नाही, मग हे कसं? पुढे १८३१ मध्ये फॅरेडेने त्याचा उलगडा केला: चुंबक आणि धातू एकमेकांजवळून सरकले की धातूत वीज वाहू लागते आणि ती वीजच ही ओढ निर्माण करते. १९०२ मध्ये जर्मनीत ओटो शुल्झेने याच तत्त्वावर स्पीडोमीटरचं पेटंट घेतलं. गिअरबॉक्सकडून येणारी केबल एक चुंबक फिरवते. त्याच्याभोवती अ‍ॅल्युमिनियमची वाटी, वाटीला काटा आणि तिला मागे खेचणारी केसासारखी स्प्रिंग. वाटी चुंबकाला कुठेच टेकत नाही, तरी त्याच्यामागे ओढली जाते. गाडी जितकी जोरात, तितकी ओढ जास्त.

आपली पद्मिनी याच केबलवर चालायची, जुनी मारुती ८००सुद्धा. काटा थरथरायला लागला की समजायचं, केबल कोरडी पडली. काटा शून्यावर पडून राहिला, तर ती तुटली. निदान करायला कुठल्याही यंत्राची गरज नव्हती.

पेट्रोलच्या काट्याची गोष्ट वेगळी. (चेतकवाल्यांना तो काटाच नव्हता! टाकीचं झाकण उघडायचं, स्कूटर जरा हलवायची आणि आत डोकवायचं.) १९६०-७० च्या दशकांतल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत हा काटा चक्क उष्णतेवर चालतो. दोन वेगळ्या धातूंची एकत्र जोडलेली पट्टी, तिच्यावर गुंडाळलेली तार. टाकीतल्या तरंगत्या गोळ्यावर तारेतली वीज ठरते, पट्टी तापते, वाकते आणि काट्याला ढकलते. म्हणूनच तो चावी फिरवल्यावर सावकाश वर चढतो आणि खड्ड्यांत नाचत नाही. पण बॅटरीचा दाब सारखा कमीजास्त होतो, तसा काटाही झाला असता. तो सांभाळायला मागे एक छोटी डबी बसवलेली असते. तिच्यातही तशीच पट्टी. ती तापून संपर्क तोडते, गार होऊन पुन्हा जोडते आणि सरासरी दहा व्होल्ट पुढे पाठवते.

या डबीमुळे एक नियम मला फार उपयोगी पडला. पेट्रोल आणि तापमान हे दोन्ही काटे एकदमच खोटं बोलू लागले, तर काट्यांना दोष देऊ नका, डबी बघा. डबीचं अर्थिंग गंजलं की तिची पट्टी तापतच नाही, संपर्क तुटत नाही, आणि दोन्ही काट्यांना पूर्ण बॅटरी मिळून ते वर जाऊन बसतात. कधी नुसतं घासून साफ केलं तरी भागतं. नाहीतर डबीच्या जागी तीन पायांचा ७८१० रेग्युलेटर लावायचा. किंमत किरकोळ.

मग आली इलेक्ट्रॉनिक्सची लाट. १९७६ साली लंडनच्या मोटर शोमध्ये अ‍ॅस्टन मार्टिनने लागोंडा ही गाडी दाखवली, काट्यांऐवजी चमकणारे आकडे असलेली. लोक बघतच राहिले. ती गिऱ्हाइकांच्या हाती पडायला मात्र १९७९ उजाडलं आणि त्या उशिरात त्या इलेक्ट्रॉनिक्सचा मोठा वाटा होता. पुढे काटे परत आले, पण त्यांच्यामागे आता स्टेपर मोटर होती. मी सर्वांत जास्त बदलल्या त्या याच, आमच्या स्वतःच्या जुन्या पिकअपमध्येसुद्धा. गाडी दारात उभी आणि काटा साठावर!

या मोटरची गंमत अशी, की काटा कुठे आहे हे तिला कळतच नाही. चावी फिरली की काटा शून्याच्या खुंटीवर नेऊन टेकवायचा आणि तिथून पावलं मोजायची. आतलं दातेरी चाक एकदा घसरलं की मोजणी चुकते आणि वर बसलेल्या चिपला त्याचा पत्ताही नसतो. जुन्या काट्याला चाकाचा किंवा टाकीचा धक्का प्रत्यक्ष पोचत होता. नव्याला निरोप पोचतो.

तेच किलोमीटरांचं झालं. पूर्वी आकड्यांची चाकं असत, ती उलटी फिरवणारे महाभागही असत. म्हणून अमेरिकेत १९७२ साली त्याविरुद्ध केंद्रीय कायदाच आला. आता तो आकडा बऱ्याच मीटरांत आठ पायांच्या एका चिपमध्ये राहतो.

मागच्या वर्षी ओळखीतले एक काका मीटर घेऊन आले. त्यांचा जळला होता, म्हणून भंगारवाल्याकडून दुसरा आणलेला. जुन्यात १,८६,००० मैल, आणलेल्यात १,१२,०००. "राहू दे की तसंच," काका म्हणाले. "मला गाडी विकायचीच आहे. तू काही खोटं करत नाहीयेस." खरं होतं. मी काहीच न करणं, एवढंच पुरेसं होतं.

मी म्हटलं, "काका, घेणारा त्या आकड्यावर टायमिंग बेल्ट कधी बदलायचा ते ठरवेल. आणि बेल्ट हायवेवर तुटला तर?" जुन्या मीटरमधली चिप शाबूत होती. ती सोडवून नव्यात बसवली, १,८६,००० परत आले. चिप गेली असती, तर कायद्यानेच सांगितलेला रस्ता होता: आकडा शून्यावर आणायचा आणि आधीचे मैल व तारीख लिहून डाव्या दाराच्या चौकटीवर चिकटवायची. काकांना गाडीचे पैसे कमी मिळाले. ते थोडे दिवस रागावलेही, मग दिवाळीला चकल्या घेऊन आले. असो.

या शंभर वर्षांत काट्याचा खरेपणा केबलमधून निघून चिपमध्ये गेला. केबल खोटं बोलत नव्हती, फार तर तुटत होती. चिप मात्र शेवटचा हात ज्याचा लागला, त्याने जे लिहिलं तेच सांगते. म्हणून मीटर उघडताना सोल्डरइतकीच ही जबाबदारीही हातात येते, असं मला वाटतं.

तुमच्या कुणाच्या जुन्या गाडीचे दोन्ही काटे एकदमच वर चढले असतील, तर मीटर फेकू नका. आधी अर्थिंगची वायर घासून बघा आणि काय झालं ते मला कळवा.