आराशिरो, युकिया

(22 सप्टेंबर 1984– ). जपानी व्यावसायिक रोड सायकलपटू. जन्म ओकिनावा प्रांतातील इशिगाकी बेटावर. ओकिनावाच्या मुख्य बेटापेक्षा तैवानला जवळ असलेल्या या बेटावर तो शाळेत हँडबॉल खेळत असे. सायकल शर्यतींकडे तो वळला शाळा संपल्यावर, आणि त्या शिकायला थेट फ्रान्सला गेला. जपानमध्ये सायकलची शर्यत म्हणजे मुख्यतः केइरिन, ट्रॅकवरची आणि पैजा लावून पाहिली जाणारी. रस्त्यावरच्या मोठ्या शर्यती बहुतांशी युरोपात होतात.

2009 साली बीबॉक्स बुइग टेलिकॉम या फ्रेंच संघातून तो पहिल्यांदा टूर द फ्रान्समध्ये उतरला. दुसऱ्याच टप्प्यात कॅव्हेंडिश, हुशोव्ह अशा नामांकित स्प्रिंटरांमागोमाग पाचवा आला. याआधी 1996 मध्ये दाइसुके इमानाका टूरमध्ये उतरला होता, पण त्याला शर्यत पुरी करता आली नव्हती. आराशिरो (129वा) आणि फुमियुकी बेप्पू (112वा) यांनी पॅरिस गाठले आणि टूर पूर्ण करणारे पहिले जपानी ठरले. त्यानंतर आराशिरो आणखी सहा वेळा टूरमध्ये उतरला. सातही वेळा त्याने ती पूर्ण केली, ही या कारकिर्दीतली सर्वांत मोठी गोष्ट.

टूरचा टप्पा मात्र त्याला कधी जिंकता आला नाही. संघनायकाला वाऱ्याआड ठेवणे, पाण्याच्या बाटल्या पोहोचवणे हे त्याचे रोजचे काम. संधी मिळाली की तो घोळक्यातून निसटून तासन्‌तास पुढे राही. अशा धडाडीसाठी 2012 मध्ये रूआंच्या आणि 2016 मध्ये मोंतोबांच्या टप्प्यावर त्याला लढाऊ सायकलपटूचा पुरस्कार मिळाला. यातला दुसरा विशेष मोलाचा. त्याच वर्षी फेब्रुवारीत कतारमधील शर्यतीत पडून त्याच्या मांडीचे हाड मोडले होते. जुलैच्या टूरआधीच तो टूर ऑफ जपानचा एक टप्पा जिंकून परतला होता.

2010 च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तो नववा आला. 2011 चे आशियाई विजेतेपद आणि 2012 ची टूर दु लिमुझाँ हे त्याचे मोठे विजय. 2017 पासून तो बहरीनच्या संघात होता. 2021 च्या जिरो द’इतालियात दुसरा आलेल्या दामियानो कारूसोचा तो साथीदार. राष्ट्रीय विजेतेपद त्याने 2007, 2013 आणि 2022 साली मिळवले. पहिल्या वेळी तो 22 वर्षांचा होता, शेवटच्या वेळी 37 वर्षांचा. लंडन, रिओ, टोकियो आणि पॅरिस अशा चार ऑलिंपिकमध्ये तो जपानकडून उतरला.