हृदयचर, हृदयाद आणि हृदयकृमी : एका श्वानरोगाच्या नामांचा व निवारणाचा इतिहास

रोगाचे नाव आणि रोगाचे कारण यांत नेहमीच एकवाक्यता असते असे नाही. पुष्कळदा नाव आधी रूढ होते, कारण मागाहून कळते, आणि कारण कळल्यावरही जुने नावच भाषेत टिकून राहते. कुत्र्याच्या ‘हृदयकृमी’ या रोगाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. येथे नामाचा प्रश्न केवळ कोशकाराचा राहत नाही. लहान चणीच्या कुत्र्यास कोणते औषध द्यावे, हा व्यवहाराचा निर्णयही त्यावर अवलंबून असतो.

कृमी हृदयापर्यंत पोहोचतो ही कल्पना भारतीय वैद्यकास अपरिचित नव्हती. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचे २० प्रकार सांगितले असून त्यांतील कफज कृमींत ‘हृदयचर’ हे नाव येते. वाग्भटाने ‘हृदयाद’, म्हणजे हृदय भक्षण करणारा, अशी संज्ञा योजिली आहे. तथापि या संज्ञांवरून प्राचीनांना आजचा हृदयकृमी ठाऊक होता असे अनुमान काढणे युक्त नव्हे. तेथील विवेचन मनुष्याच्या व्याधींचे आहे आणि वर्गीकरणाचा आधार कृमीचे उत्पत्तिस्थान हा आहे. शब्दसाम्य म्हणजे वस्तुसाम्य नव्हे, हा भाषाभ्यासातील प्राथमिक नियम वैद्यकाच्या इतिहासालाही लागू पडतो. मराठी लोकव्यवहारात तर संस्कृत ‘जंतु’पासून आलेला ‘जंत’ हा एकच शब्द पोटातील सर्व कृमींना पुरतो. रक्तात वावरणाऱ्या कृमीसाठी ग्रामीण बोलीत वेगळा रूढ शब्द नाही.

अर्वाचीन शास्त्रात या कृमीचे नामकरण अमेरिकेतील जोसेफ लीडी याने १८५६ मध्ये केले. त्याने योजिलेल्या ‘इमिटिस’ या लॅटिन विशेषणाचा अर्थ ‘निष्ठुर’ असा आहे. १८७२ मध्ये टिमथी लुईस याने कलकत्त्यात मनुष्याच्या रक्तात हत्तीरोगाच्या कृमीची सूक्ष्म पिल्ले पाहिली. १८७७ मध्ये पॅट्रिक मॅन्सन याने चीनमधील अमॉय येथे ती डासाच्या शरीरात वाढतात असे दाखविले. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस याला सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात हिवतापाचे परोपजीवी आढळले. रॉसचा विषय हिवताप होता. परंतु डासच रोगवाहक आहे या विचारास त्याने निर्णायक बळ दिले. कुत्र्याचा हृदयकृमीही डासांमार्फतच पसरतो, हे इटलीत ग्रासी व नोए यांनी १९०० मध्ये सिद्ध केले.

सिकंदराबादप्रमाणे आष्टी हे गावही त्या काळी निजामाच्या राज्यात होते. आष्टीचा परतूर तालुका पुढे परभणी जिल्ह्यातून १९८१ मध्ये नव्या जालना जिल्ह्यात गेला. पशुवैद्यकाचे शिक्षण मुंबईत १८८६ मध्ये सुरू झाले होते. आष्टीच्या निकटचे परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय मात्र १९७२ मधील आहे. या अंतराचा परिणाम असा की, गावात पशुवैद्यकाची ओळख मुख्यतः बैल, म्हैस आणि शेळी यांच्या निमित्ताने झाली. कुत्रा घराचा राखणदार असला तरी औषधोपचाराच्या हिशेबात तो शेवटी येई.

निवारणाचा इतिहास दोन टप्प्यांत पाहता येतो. पहिला टप्पा १९४७ मध्ये पुढे आलेल्या डायइथिलकार्बामाझीनचा. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली लेडर्ली प्रयोगशाळेत सिद्ध झालेले हे औषध मनुष्याच्या हत्तीरोगावर चालले आणि पुढे कुत्र्यांनाही देण्यात येऊ लागले. ते रोज द्यावे लागे. आणि ज्याच्या रक्तात हृदयकृमीची पिल्ले आधीच आहेत अशा कुत्र्यास त्यामुळे प्राणघातक आघात होण्याचा धोका असे. दुसरा टप्पा आयव्हरमेक्टिनचा. जपानमधील सातोशी ओमुरा यांनी मातीतून वेगळ्या केलेल्या सूक्ष्मजीवापासून विल्यम कॅम्पबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे औषध विकसित केले. १९८७ मध्ये अमेरिकेत ते कुत्र्यांच्या हृदयकृमीसाठी संमत झाले. २०१५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या औषधास ‘प्रतिबंधक’ म्हणतात. पण हेही नाव काटेकोर नाही. ते डासाचा दंश रोखीत नाही, तर मागील महिन्यात शरीरात शिरलेल्या अळ्यांचा नाश करते. म्हणून महिन्याची मात्रा चुकविणे हा मोठा दोष ठरतो. ‘हृदयकृमी’ हे नावही तसेच अर्धसत्य आहे. कारण प्रौढ कृमी मुख्यतः फुप्फुसाच्या रोहिण्यांत राहतात. मादी २५ ते ३० सेंटिमीटर लांब असते आणि कुत्रा लहान म्हणून कृमी लहान होत नाही. त्यामुळे मोठ्या कुत्र्यास सोसणारे थोडेसे कृमीही लहान कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात.

मात्रेचा प्रश्न येथेच गंभीर होतो. आयव्हरमेक्टिनची प्रतिबंधक मात्रा दर किलोग्रॅम वजनास किमान ६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ५ किलोग्रॅमच्या कुत्र्यास ३० मायक्रोग्रॅम. गुरांसाठी मिळणाऱ्या १ टक्का द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये १०,००० मायक्रोग्रॅम औषध असते. मिलिलिटरचे २० थेंब धरले, तर एका थेंबात ५०० मायक्रोग्रॅम येतात. म्हणजे आवश्यकतेच्या सुमारे १७ पट. बहुतेक कुत्री हे सहन करतील. परंतु कोली जातीच्या व तिच्या संकरातील काही कुत्र्यांत एका जनुकातील दोषामुळे औषध मेंदूत शिरते, हे २००१ मध्ये स्पष्ट झाले. आणि अशांना एवढी मात्राही घातक ठरण्याचा संभव असतो. बैलासाठी आणलेल्या बाटलीतून घरच्या पिलास ‘थोडेसे’ देणे ही काटकसर नसून जोखीम आहे. वजनाप्रमाणे तयार केलेली गोळी हाच येथे ग्राह्य पर्याय.

गोळीपूर्वी निदान हवे. भारतात कुत्र्याच्या रक्तात आढळणारी सूक्ष्म पिल्ले सर्वच हृदयकृमीची नसतात. ‘रेपेन्स’ हा कृमी त्वचेखाली राहतो. त्याचा प्रसार डासांनी होतो आणि तो क्वचित मनुष्याच्या डोळ्यातही सापडतो. ‘रेकॉन्डिटम’ हा पिसवांमार्फत पसरतो. सूक्ष्मदर्शकाखाली ही पिल्ले सहज वेगळी ओळखता येत नाहीत. हृदयकृमीच्या निश्चितीसाठी रक्तातील प्रतिजनाची चाचणी लागते, आणि तीही संसर्गानंतर सुमारे सहा महिन्यांनीच विश्वसनीय ठरते. पिसवांचा उपद्रव असल्यास त्वचेवर लावण्याचे सेलामेक्टिन, आतड्यातील जंतही असल्यास मिल्बेमायसिन, असा विवेक पशुवैद्याच्या सल्ल्याने करता येतो.

एकंदरीत, या रोगाच्या इतिहासात प्रत्येक प्रगती नामाच्या शुद्धीबरोबर झालेली दिसते. ‘जंत’ या एका शब्दाखाली सर्व कृमी गोळा केले की ‘जंताचे औषध’ही एकच पुरेल असे वाटू लागते. कोणता कृमी, कोणता वाहक, किती वजन, हे तीन प्रश्न पृथक् विचारले गेले, तरच निवड या शब्दाला अर्थ राहतो.