‘सीआयडी’च्या आधी काय होतं? टीव्ही मालिकेचा इतिहास कसा शोधायचा



पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, “टीव्ही मालिका हा इतिहासाच्या संशोधनाचा विषय होऊ शकतो का?” होऊ शकतो. फक्त आवडती मालिका आणि संशोधनाचा प्रश्न यांतला फरक ओळखता आला पाहिजे. आज तो फरक ‘सीआयडी’च्या उदाहरणावरून पाहू.

‘सीआयडी’ कधी सुरू झाली? मोबाइलवर लगेच उत्तर मिळेल : २१ जानेवारी १९९८, सोनी वाहिनी. उत्तर बरोबर आहे, पण ही तारीख प्रक्षेपणाची झाली. मालिका घडायला लागली ती त्याच्या बरीच आधी. तिथपर्यंत पोचायचं तर तारखेचा नाही, माणसांचा माग काढावा लागतो.

निर्माते-दिग्दर्शक बी. पी. सिंग पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले आणि मुंबई दूरदर्शनवर बातम्यांचे कॅमेरामन होते. हे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, म्हणजे ते नवं असतानाच सिंग तिथे होते. एसीपी प्रद्युम्न साकारणारे शिवाजी साटम बँकेत नोकरीला होते. आंतरबँक नाट्यस्पर्धेत बाळ धुरींनी त्यांना हेरलं आणि ते व्यावसायिक नाटकाकडे आले. या दोघांनी ‘सीआयडी’च्या आधी मराठीत पोलीस तपासावरची एक मालिका केली होती : ‘एक शून्य शून्य’. नाव अर्थातच पोलीस नियंत्रण कक्षाच्या शंभर नंबरावरून घेतलेलं.

आता बघा, प्रश्न कसा बदलला. “सीआयडी लोकप्रिय का झाली?” याला दहा जण दहा उत्तरं देतील आणि एकही तपासता येणार नाही. त्याऐवजी असं म्हणून पाहा : हिंदी खासगी वाहिनीवरच्या या मालिकेची मुळं मुंबई दूरदर्शनच्या मराठी कार्यक्रमांत आणि बँका-कचेऱ्यांतल्या हौशी रंगभूमीत होती का? हे गृहीतक झालं. ते तपासता येतं आणि चुकीचंही ठरू शकतं, म्हणूनच ते कामाचं.

तपासायचं कसं? पुराव्याचे तीन थर वेगळे ठेवा.

पहिला थर, नोंद. जुन्या टेप मिळतीलच असं धरू नका. टेप महाग असल्यामुळे पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत होती. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’चे कित्येक भाग असेच गेले. टेप नसेल तर कागदाकडे वळा. मराठी दैनिकांत ‘आजचे दूरदर्शन’ अशा धर्तीची चौकट असायची. तिच्यात वार, वेळ, कार्यक्रमाचं नाव मिळतं. नाशिककरांनी आधी सार्वजनिक वाचनालयात चौकशी करावी. १८४० पासूनची संस्था आहे. ‘गावकरी’, ‘देशदूत’चे जुने अंक कुठे पाहायला मिळतील, तेही विचारून घ्या.

दुसरा थर, आठवण. नाशिकरोडच्या प्रेस कॉलनीतल्या एखाद्या काकांना विचाराल, तर ते ‘एक शून्य शून्य’ सांगता सांगता रमेश भाटकरांच्या ‘हॅलो इन्स्पेक्टर’मध्ये शिरण्याची शक्यता आहे. त्यांना तिथेच अडवू नका. दोन मालिका एकत्र आठवतात, याचा अर्थ प्रेक्षकांसाठी तो एकच प्रकार होता का, असा नवा प्रश्न तिथून निघतो. पण नावं आणि वर्षं मात्र चौकटीशी ताडूनच लिहा.

तिसरा थर, अनुमान. २००४ मध्ये ‘सीआयडी’चा एक भाग १११ मिनिटं एकाही कटशिवाय चित्रित झाला आणि त्याची विक्रम म्हणून नोंद झाली. मला वाटतं, यात बातम्यांच्या कॅमेरामनचा हात दिसतो, कारण बातमीला रिटेक नसतो. पण हे माझं वाटणं आहे, पुरावा नाही. प्रबंधात असं वाक्य “असे अनुमान करता येते” म्हणूनच जायला हवं. गाईड तिथेच पेन्सिल टेकवतात.

एक सावधगिरी. मालिकेवरून पोलिसांचा इतिहास लिहू नका. पडद्यावर मुंबईतला प्रत्येक खून सीआयडीकडे जातो. प्रत्यक्षात शहरातला तपास स्थानिक पोलीस ठाणं आणि गुन्हे शाखा करते, राज्याच्या सीआयडीचं मुख्यालय पुण्यात आहे. पंचनामा, पंच, जबाब यांत जाणारा वेळ मालिकेत दिसतच नाही. हा फरक समजून घ्यायला नाशिककरांना लांब जायला नको. त्र्यंबक रोडवरच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत उपनिरीक्षक घडतात. रीतसर पत्र देऊन वेळ मागा, किंवा ओळखीच्या निवृत्त अधिकाऱ्याशी बोला.

आणि हे काम पुढे ढकलू नका. ‘सीआयडी’ २०१८ मध्ये थांबली आणि डिसेंबर २०२४ मध्ये परत आली, पण माणसं परत येत नाहीत. रमेश भाटकर २०१९ मध्ये गेले. ‘सीआयडी’चे सहनिर्माते प्रदीप उप्पूर आणि फ्रेडरिक्स साकारणारे दिनेश फडणीस, दोघंही २०२३ मध्ये गेले. कलाकारांच्या मुलाखती तरी छापून येतात. संकलक, ध्वनिमुद्रक, प्रॉडक्शन सांभाळणारे यांना मात्र सहसा कुणी विचारतच नाही. तुमचं नवं काही निघालं तर ते तिथेच निघेल.

या आठवड्याचा अभ्यास : १९९५ च्या आधीची कुठलीही एक मराठी मालिका निवडा. तिच्याबद्दल पाच वाक्यं लिहा आणि प्रत्येक वाक्यापुढे नोंद, आठवण की अनुमान ते मांडा. पाचही वाक्यांपुढे ‘आठवण’ आलं, तर अर्ज भरण्याआधी एकदा वाचनालयात जाऊन या.