गोळीसोबत ताटात काय होतं?

१९८५ साली युगांडातल्या राकाई भागातला एक नवा आजार वैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेला. लोक त्याला ‘स्लिम’ म्हणत. माणूस रोडावत जाई, म्हणून हे नाव. (आपल्याकडे स्लिम व्हायला पैसे मोजतात, ते सोडा.) तोच हा एचआयव्हीमुळे होणारा एड्स.

१९९६च्या सुमारास तीन औषधांचा एकत्र उपचार आला. तेव्हा आहाराचा प्रश्न घड्याळापुरता होता. इंडिनाविर उपाशीपोटी, सॅक्विनाविर जेवल्यावर. ताटात काय आहे, हे फारसं कुणी विचारत नव्हतं.

विचारलं ते पश्चिम केनियात. एल्डोरेटचं मोई विद्यापीठ आणि अमेरिकेतलं इंडियाना विद्यापीठ यांनी २००१ मध्ये अ‍ॅम्पाथ हा उपचार कार्यक्रम उभारला. औषधं मिळत होती. पण घरात दाणा नसलेले रुग्ण सावरत नव्हते. मग औषधासारखी अन्नाचीही चिठ्ठी लिहिली जाऊ लागली.

आता तिथलं रोजचं ताट बघा. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सुकुमाची पालेभाजी. पोट भरतं, पण अन्नगट दोनच! २०१६ साली आलेलं माप सांगतं, दिवसाला दहापैकी निदान पाच गट हवेत. हे माप मुळात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांसाठी केलेलं. पुरुषांसाठी तसं नाहीच. तरी हिशेब करून बघा: त्याच ताटात घेवडा, अंडं, पपई आली की पाच होतात.

जागतिक अन्न कार्यक्रमाकडून मका, कडधान्य, तेल यायचं. ताजी भाजी आणि अंडी? त्यासाठी अ‍ॅम्पाथच्या डॉक्टरांनी चक्क स्वतःची शेतं उभी केली.